शेवाळावरून पाय घसरला

जिंतूर, २१ जुलै

आक्का,

अक्षर ओळखलं असशील. पत्र फाडू नको, कामापुरतंच लिहायलेय.

आमच्या लॉनवर शेवाळ आलंय. वॉल कंपाऊंडच्या कडेनं आधी हातभर पट्टा होता, आता पार नळापर्यंत आलाय. गवत दिसतच नाही, नुसता हिरवा बुळबुळीत थर. तुमची मानवतला रोपवाटिका आहे, दाजी लोकांना लॉन लावून देतात, म्हणून तुला विचारते. शेवाळ कशानं जातं? औषध असेल तर नाव लिही. हे इथल्या दुकानातून तणनाशक आणू म्हणायलेत, पण त्यानं गवतच जळेल अशी मला भीती वाटते.

घाई आहे. पुढच्या महिन्यात ह्यांचे व्यापारी जेवायला येणारेत, खुर्च्या लॉनवर टाकायच्या ठरल्यात. ह्यांचा लॉनवर किती जीव आहे ते तुला माहीत नाही. सिमेंटचं दुकान बंद करून आले की आधी लॉनच्या कडेला उभे राहतात, मग घरात येतात. परवा शेवाळ बघून म्हणाले, "तू दिवसभर घरी असतीस. तुझ्या डोळ्यादेखत आलं हे." रागावले नाहीत. हळूच म्हणाले.

फोन का केला नाही म्हणशील. संध्याकाळी फोन ह्यांच्या हातात असतो, कोणाला लावला ते बघतात. लपवण्यासारखं काही नाही, पण तुझं नाव दिसलं की उगीच विषय निघतो. चारठाण्याच्या लग्नात जे झालं त्यावर मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नको.

उत्तर आमच्या पत्त्यावर नको. शेजारी नर्मदाकाकू राहतात, अंगणवाडीतून रिटायर झाल्यात, एकट्याच असतात. त्यांच्या नावानं पाठव. पत्ता मागं लिहिलाय.

नंदिनी सातवीत आहे. माझ्या खांद्याला लागली.

दैवशाला


जिंतूर, ११ ऑगस्ट

आक्का,

पत्र मिळालं. शेवाळाचं सोडून दुसरं काही लिहिलं नाहीस, बरं वाटलं.

तू म्हणतेस शेवाळ हा रोग नाही, गवताला जगता येईना म्हणून ते येतं. ऊन पोचत नाही, पाणी जास्त होतं, जमीन दगडासारखी घट्ट झालेली असते आणि गवत फार बारीक कापलेलं असतं. आक्का, आमच्याकडं चारही आहेत. दोन वर्षांमागं ह्यांनी रस्त्याकडची भिंत चार फूट वाढवली, येणारे-जाणारे आत बघतात म्हणून. तेव्हापासून त्या बाजूला दुपारीसुद्धा सावली असते. पाणी दोन्ही वेळा द्यायचं असतं, पाऊस पडला तरी. आणि गवत गालिच्यासारखं दिसावं म्हणून दर रविवारी मशीन फिरते.

जेवताना मी विषय काढला. म्हटलं, भिंतीच्या वरच्या भागात जाळी बसवली तर ऊन येईल, आणि पाणी एकच वेळ दिलं तर बरं. ह्यांनी घास खाली ठेवला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"टीव्हीवर बघितलं."

"कोणत्या चॅनलवर?"

मला नाव सुचेना. नंदिनी म्हणाली, "पप्पा, मीपण होते, शेतीच्या कार्यक्रमात दाखवलं." ती तेव्हा क्लासला गेलेली असते. तिला कोणी शिकवलं नव्हतं असं बोलायला.

अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या मनगटाला पट्टी आहे. सकाळी नळ बंद करायला गेले आणि शेवाळावरून पाय घसरला. हेच दवाखान्यात घेऊन गेले. येताना जिलेबी आणली, मला हातानं भरवली. तू काळजी करशील म्हणून सांगते, हाड मोडलेलं नाही.

भिंतीचं राहू दे. फवारायचं काही असेल तर तेवढं लिही.

दैवशाला


जिंतूर, १४ सप्टेंबर

आक्का,

"खरंच घसरलीस का," असं पत्रात विचारत जाऊ नको. तुझं पत्र मी नर्मदाकाकूंच्या स्वयंपाकघरात उभ्यानं वाचते आणि तिथंच गॅसवर धरून जाळते. वाचताना कान रस्त्याकडं असतात. अशा वेळी असला प्रश्न समोर आला की पुढचं वाचायचं राहून जातं. शेवाळाचं लिहीत जा.

तू लिहिलेल्या औषधानं, हिराकसानं काम झालं. काकूंनी बाजारातून आणून दिला. तू लिहिलंस तसा पाण्यात विरघळवून झारीनं शिंपडला. तीन-चार दिवसांत शेवाळ काळं पडलं, मग दाताळ्यानं ओढून काढलं. टोपलीभर निघालं. खालची जमीन उघडी पडली, आंबूस वास येत होता. मला इतका आनंद झाला की काळजी घ्यायची विसरले. झारीतलं पाणी ओट्याच्या पांढऱ्या फरशीवर सांडलं होतं. तू बजावलं होतंस की डाग पडतात. दुसऱ्या दिवशी फरशीवर गंजाचे पिवळे डाग. लिंबू घासलं, चिंच घासली, वाळू घासली. गेले नाहीत.

हे आले. डाग बघितले. काही बोलले नाहीत. हातपाय धुतले, जेवले, नंदिनीचा अभ्यास घेतला. ती झोपायला गेली तरी काही बोलले नाहीत. आवाज चढवणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही, आपले आबा कायम ओरडायचे. हे गप्प झाले की मी आधी नंदिनीच्या खोलीचं दार ओढून घेते.

ओठाला दोन टाके पडलेत. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी हे बाहेर गेल्यावर विचारलं, "काय झालं?" मी बोलायच्या आत नंदिनी म्हणाली, "आमच्याकडं लॉनवर शेवाळ आहे ना, मम्मी सारखी घसरते." आणि हसली. डॉक्टरबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मीपण.

व्यापाऱ्यांचं जेवण नीट पार पडलं. एकानं माझ्या ओठाचं विचारलं तर हेच म्हणाले, "शेवाळ लय झालं होतं आमच्याकडं, काय करावं." सगळे हसले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "हे लॉन हिनं एकटीनं साफ केलं." लोक वाहवा करायले होते, आणि मी पदरानं तोंड झाकून वाढत होते.

दैवशाला


जिंतूर, २४ नोव्हेंबर

आक्का,

तू आणि दाजी येतो म्हणालात. तुझ्या पाया पडते, येऊ नका.

शेवाळ परत आलंय. तू बरोबर होतीस, हिराकसानं वरचं मरतं, सावली आणि ओल तशीच राहिली की नवं येतं. आता औषध बंद, फरशी खराब होते म्हणून. हातानं वेचायचं. रोज सकाळी मी उकिडवी बसून बोटांनी खरवडते आणि हे चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलेले असतात. "तिथं राहिलं," म्हणतात. मी तिथलं काढते. "आता तिकडं." कप संपला की जातात. नखांत हिरवं बसलंय, कणीक मळताना दिसतं.

दिवसातून कधीही घरी येतात. पूर्वी गाडीचा आवाज यायचा, मला कळायचं. आता कोपऱ्यावर गाडी बंद करून ढकलत आणतात. परवा मी धुणं वाळत घालत होते, मागं वळले तर दारात उभे. किती वेळ उभे होते माहीत नाही. म्हणाले, "काही न्हाई, बघायलो होतो." तेव्हापासून मी पाठ भिंतीला लावून काम करते. भाकरी थापतानासुद्धा बाजूला वळून दाराकडं बघते.

तू एकदा तरी गेटवर आलीस तर काय होईल ते मला ह्यांनी सांगून ठेवलंय. दिवाळीत तुझा विषय कसा निघाला कोण जाणे. म्हणाले, "तिला एकदा मांडवातून काढलंय. घरी आली तर तुलाच विचारीन, हिला कोणी बोलावलं." विचारीन म्हणजे काय ते तुला लिहीत नाही.

मी सांभाळून राहते. नंदिनीला हात लावत नाहीत. तेवढं एक आहे.

दैवशाला


जिंतूर, १२ फेब्रुवारी

आक्का,

एक बातमी सांगायची आहे. शेवाळ गेलं.

जालन्याचे एक व्यापारी संक्रांतीनंतर आले होते. त्यांनी लॉन बघून ह्यांना सांगितलं, "भिंतीनं ऊन अडतंय, पाणी कमी करा, गवत जरा वाढू द्या." तू जुलैत लिहिलं होतंस तेच. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी मिस्त्री बोलावला. वाढवलेल्या भिंतीतला दोन फुटांचा भाग काढून जाळी बसवली. गड्यांनी पहारीनं जमिनीला भोकं पाडली, वर वाळू आणि शेणखत पसरलं. मी मिस्त्रीला आणि गड्यांना चहा केला.

आता तिथं कोवळं गवत आलंय. सकाळी जाळीतून ऊन पडतं. ह्यांचा मूडही बरा आहे, महिना होत आला, घरात काही झालेलं नाही. मला वाटतं, ते शेवाळच होतं डोक्यात. काहींचं असतं तसं. आता कारणच राहिलं नाही.

रात्री झोप मात्र लागत नाही. काही होत नाही तेव्हा जास्त भीती वाटते, असं का होतं? तू म्हणशील वेडी आहे.

शेवाळाचं काम झालं, म्हणजे पत्राचंही काम झालं. काकूंना किती त्रास द्यायचा. दाजींना नमस्कार.

दैवशाला


जिंतूर, १९ एप्रिल

आक्का,

परत लिहायलेय. ह्या वेळी शेवाळाचं नाही.

इथं ऊन लय पडलंय. बोअरचं पाणी उतरलंय, लॉन पिवळं पडून जमीन तडकलीय. नंदिनीकडं झाडांना पाणी द्यायचं काम होतं. गुरुवारी ती पाइप तसाच सोडून अभ्यासाला बसली आणि टाकी रिकामी झाली. मी नर्मदाकाकूंकडं पापड लाटू लागायला गेले होते, विचारून गेले होते. परत आले तर ती खोलीत. एवढ्या उन्हात अंगात स्वेटर.

"काय झालं गं?"

"काही न्हाई."

मी स्वेटर काढायला लावला. दंडावर चार बोटं उठली होती, कानामागं रक्त सुकलं होतं. मी तिच्याकडं बघत राहिले, आणि ती मला म्हणाली, "मम्मी, शेवाळावरून पाय घसरला."

मला म्हणाली, आक्का. मला. आणि शेवटी जरा हसली, मी हसते तशी. समोरच्याला पुढं विचारू नये असं वाटावं म्हणून मी हसते, तसंच.

खिडकीतून लॉन दिसत होतं. शेवाळाचा ठिपकासुद्धा नव्हता. भेगा पडलेली कोरडी माती होती.

मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "शेवाळ कुठं हाय गं आता?" ती माझ्या तोंडाकडं बघायली, जणू मी पाठ केलेलं विसरले. "मग काय सांगू?" म्हणाली. "शाळेत काय सांगू मी?"

आक्का, मी एकदाही घसरले नाही. मनगट त्यानं पिरगाळलं होतं. ओठ फरशीवर आपटून फुटला, त्या डागांवरच तोंड धरलं होतं त्यानं माझं. तुला लिहिलं नाही अशा पुष्कळ गोष्टी आहेत, भेटल्यावर सांगेन, सगळ्या नाही सांगता यायच्या. चारठाण्याच्या मांडवात तू सगळ्यांसमोर विचारलंस, "योगीराज, माझ्या बहिणीच्या गळ्यावर कशाचे वळ हायत?" त्यानं तुला हाताला धरून बाहेर काढलं, तू न जेवता गेलीस. मी खाली बघत उभी होते, कारण मला माहीत होतं घरी गेल्यावर काय होणार आहे. तेच झालं.

आज तो माझ्याशी गोड बोलला. नंदिनीला आइस्क्रीम आणलं. तिनं खाल्लं, त्याच्याकडं बघत बघत.

मला तुझ्याकडं येऊ देशील का? दोघींना? दाजींना विचार. नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन, पण लवकर कळव.

दैवशाला


जिंतूर, २७ एप्रिल

आक्का,

"ये" एवढंच लिहिलंस. काकूंनी तो कागद मला दोनदा वाचून दाखवला, माझे डोळे भरून आले होते म्हणून.

मंगळवारी तो माल बघायला नांदेडला जाणार आहे, सकाळी लवकर. नंदिनीची परीक्षा संपलीय. आम्ही परभणीच्या एसटीनं निघू आणि तिथून मानवतची गाडी धरू. तुम्ही जिंतूरला येऊ नका, तुमची गाडी इथं सगळे ओळखतात. मानवतच्या स्टँडवर थांबा.

फोन घरीच ठेवणार आहे. कपडे फार घेत नाही, पिशवी मोठी दिसली तर लोक विचारतील. तिचे दाखले आणि आधार कार्ड काकूंकडं आधीच दिलेत.

मला भीती ही वाटते की तो नांदेडला जाणारच नाही. कोपऱ्यावर गाडी बंद करून उभा असेल. नंदिनी म्हणाली, "मम्मी, मी पुढं जाऊन बघते, तू मागून ये." मी नको म्हटलं. काकू पुढं जातील.

मंगळवारी आम्ही उतरलो नाही तर तू काकूंना फोन कर. त्यांचा नंबर खाली आहे.

दैवशाला


परभणी, २५ जून

आक्का,

नवीन सिम अजून घेतलं नाही, आमच्या केसच्या वकीलबाई म्हणाल्या दम धरा. म्हणून परत पत्र.

तुझ्याशी काही गोष्टी समोर बोलता आल्या नाहीत, त्या लिहिते. निघायच्या दिवशी एसटीत आमच्या मागच्या सीटवर सिद्धोधन होता, दुकानातला हमाल. त्यानं आम्हाला बघितलं. पिशवी बघितली, नंदिनीचा कान बघितला. मी तिचा हात इतका घट्ट धरला की ती कळवळली. वाटलं, हा आता फोन काढणार. तो उठला, जाऊन पार ड्रायव्हरच्या मागं बसला आणि परभणी येईपर्यंत एकदाही वळला नाही. उतरताना म्हणाला, "वैनी, मी आज गाडीत नव्हतो."

आणि तुमच्या घरचं. योगीराज तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा तू गेटवर उभी राहिलीस. तू म्हणालीस, "घरात हाय, पण तुमाला भेटणार न्हाई." ते मी आतून ऐकत होते. दाजी पोलिसांना फोन लावत होते. तो ओरडला नाही. रडला. मग त्या हळू आवाजात म्हणाला, "दैवशाला, चल. लोकं बघायलेत."

आत काय झालं ते तुला माहीत नाही. मी उठले, आक्का. चपला घातल्या. माझ्या मनात काही आलंच नाही, पाय आपोआप निघाले. तो आवाज आला की पाय निघतात, इतकी वर्षं निघालेत. दाराच्या कडीला हात लावला तेव्हा नंदिनी मागून म्हणाली, "मम्मी, तुला जायचं असंल तर जा. मी न्हाई येणार." रडत नव्हती. कोपऱ्यात बसून होती, गुडघे पोटाशी धरून. मी तिच्याकडं बघितलं आणि मला दिसलं की ती खरंच येणार नाही. बारा वर्षांच्या पोरीनं ठरवलं होतं, आणि मी चपला घालून उभी होते. मी परत बसले. नंतर तू आत येऊन म्हणालीस, "गेला." तेव्हा माझ्या पायात चपला बघून तू विचारलंस, "कुठं निघाली होतीस?" मी म्हटलं, मोरीत. ते खरं नव्हतं.

इथं बरं आहे. तो परत तुमच्या दारात येऊ नये म्हणून बायकांच्या केस बघणाऱ्या संरक्षण अधिकारी मॅडमनी ही खोली बघून दिली, घरमालकीण कासाबाई खाली राहतात. मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये मी सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटते. नंदिनीचं नाव जवळच्या शाळेत घातलं. ती वर्गात कोणाशी बोलत नाही अजून, पण घरी आली की लय बोलते.

भीती गेली असं लिहिणार नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज आला तर मी थांबते, आणि आवाज मध्येच बंद झाला तर लाटणं हातातून सुटतं. मेसमधल्या बायका आता काही विचारत नाहीत, उचलून देतात.

आता कामाचं. सोमवारी कोर्टात माझी तारीख आहे. त्यानं घराजवळ, शाळेजवळ येऊ नये असा आदेश मागितलाय. वकीलबाई म्हणाल्या, कागदावर सगळं लिहिलंय, पण साहेबांनी विचारलं तर तुम्हाला तोंडानं सांगावं लागेल, आणि तो समोर असेल. मी घरात आरशासमोर म्हणून बघितलं. "त्यांनी मला मारलं" इथपर्यंत येते, मग आवाजच निघत नाही. काल नंदिनीसमोर म्हटलं, तेव्हा जरा निघाला.

आक्का, सोमवारी तू ये. दाजींना काम असेल तर राहू दे त्यांना, तू एकटी ये. पहिल्या गाडीनं निघ, म्हणजे वेळेत पोचशील. वकीलबाईंना विचारलंय, जवळचं माणूस आत बसू शकतं. त्याच्या बाजूला नको बसू, मला समोर दिसशील अशी बस. तो काय बोलेल, हळू बोलेल की कसा बोलेल, माहीत नाही. मी त्याच्याकडं बघणार नाही. तुझ्याकडं बघून सांगेन.

वाट बघते.

दैवशाला